एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओ, फार्मसी एकाच टेबलावर: टीमवर्कचं पहिलं सत्र कसं घ्यावं

नागपुरात मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मेयो हे दुसरं सरकारी कॉलेज आहे, मिहानमध्ये एम्स आहे, हिंगण्याकडे खासगी कॉलेजं आहेत. नर्सिंग आणि फार्मसीची कॉलेजं तर मोजत बसू नये. कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात सकाळी गेलात, तर एकाच खाटेभोवती एमबीबीएसचे, नर्सिंगचे आणि फिजिओचे विद्यार्थी येऊन जातात. पण एकमेकांची नावं त्यांना माहीत नसतात. इंटर्नशिप संपली की याच मंडळींनी एकमेकांना रात्री दोन वाजता फोन करायचा असतो.

हा लेख त्या शिक्षकांसाठी आहे, ज्यांच्यावर ‘आंतरव्यावसायिक शिक्षणाचं काहीतरी सुरू करा’ अशी जबाबदारी नुकतीच येऊन पडली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली यासाठी एक आराखडा प्रसिद्ध केला. त्यात अपेक्षा अशी आहे, की दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतील. तुमचा कार्यक्रम या तीन गोष्टींवर घासून पाहा. दोनशे मुलं एका हॉलमध्ये बसवून संवादकौशल्यावर व्याख्यान झालं, तर त्यात फक्त ‘सोबत’ आहे, तीही जेमतेम. सगळे आपापल्या कॉलेजच्या घोळक्यात बसतात, प्रमाणपत्र घेतात आणि जातात. एकत्र बसवलं म्हणून टीम होत नाही. एकट्याने सुटणार नाही असं काम समोर ठेवलं, तरच एकमेकांकडे वळण्याची गरज पडते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

किती जण, कोणत्या वर्षाचे

पहिल्या वेळी सगळे कोर्स गोळा करण्याचा मोह टाळा. तीन किंवा चार पुरेत: एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि जमल्यास फार्मसी. मेडिकलसारख्या आवारात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि नर्सिंग जवळजवळच शिकवलं जातं. तिथे सुरुवात सोपी. दंत, आयुर्वेद, लॅब टेक्निशियन, समाजकार्य यांना दुसऱ्या वर्षी घ्या. तोवर तुमचं वेळापत्रक आणि तुमची माणसं तयार झालेली असतील.

एका गटात सहा ते आठ जण. आठपेक्षा जास्त झाले की दोघं-तिघं मोबाइलमध्ये जातात, पाचपेक्षा कमी झाले की एखादा व्यवसाय एकाच विद्यार्थ्यावर येतो आणि तो दबून बसतो. एका व्यवसायाचे दोन जण असले की धीर येतो. म्हणून पहिल्या सत्राला ३२ विद्यार्थी, आठ-आठचे चार गट आणि प्रत्येक गटात चारही कोर्सचे दोन-दोन, ही सोयीची मांडणी आहे. एमबीबीएसचे विद्यार्थी जास्त उपलब्ध आहेत म्हणून गटात चार घेतले, तर चर्चा त्यांचीच होते.

वर्ष जुळवू नका, वॉर्डाचा अनुभव जुळवा. तिसऱ्या वर्षाची नर्सिंगची विद्यार्थिनी वॉर्डात भरपूर वेळ काढून आलेली असते. तिने राईल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून, फीड म्हणजे पातळ अन्न दिलेलं असतं, पाठीवरच्या जखमा पाहिलेल्या असतात. तिच्यासमोर एमबीबीएसचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी बसवला तर तो गप्प होतो किंवा पुस्तक बोलतो. एमबीबीएसचे तिसऱ्या किंवा शेवटच्या वर्षाचे, नर्सिंगचे आणि फिजिओचे तिसऱ्या वर्षाचे, हा जोड चालतो. फार्मसीत मात्र जपून निवडा. बी. फार्म.च्या विद्यार्थ्याने बहुधा वॉर्ड आतून पाहिलेलाच नसतो, फार्म. डी.चे वरच्या वर्षांतले विद्यार्थी राऊंडला जातात. फार्म. डी.चे मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर बी. फार्म.च्या मुलांना आठवडाभर आधी एक अर्धा तास केसपेपर आणि औषधांचा तक्ता कसा वाचायचा ते दाखवा. एवढ्याने त्यांचा गोंधळ बराच कमी होतो.

वेळ आणि परवानग्या

खरं सांगायचं तर बहुतेक उपक्रम शिकवण्याच्या पद्धतीमुळे पडत नाहीत, वेळापत्रकामुळे पडतात. बहुतेक वैद्यकीय, नर्सिंग आणि फिजिओ कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात, फार्मसीचं विद्यापीठ वेगळं असतं. परीक्षा, प्रीलिम, सुट्ट्या काहीच एकत्र येत नाही. सगळ्यांची परीक्षा-वेळापत्रकं एका कागदावर मांडा आणि जे दोन-तीन रिकामे आठवडे उरतील तेच धरा. दिवसात दुपारी दोन ते चार ही वेळ सर्वांत कमी भांडणाची. सकाळ क्लिनिक्स आणि पोस्टिंगची असते, तिला हात लावलात तर वॉर्डही नाराज आणि विभागही. एप्रिलच्या मध्यापासून जून उजाडेपर्यंत दुपारचं सत्र ठेवू नका. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला मुलांना ४५ अंशांत आणायचं आणि मग लक्ष द्या म्हणायचं, हे होत नाही.

परवानगीची पत्रं अधिष्ठाता, नर्सिंगच्या प्राचार्या आणि इतर कॉलेजांच्या प्राचार्यांना एकाच दिवशी, एकाच मजकुराची जाऊ द्या. मेडिकलने ठरवलं आणि मग नर्सिंगला कळवलं, असा क्रम दिसला तर टीमवर्कचा पहिला धडा तिथेच उलटा पडतो. आयोजकांत सुरुवातीपासून किमान एक नर्सिंग शिक्षिका आणि एक फिजिओ किंवा फार्मसीचे शिक्षक असलेच पाहिजेत, नुसते यादीत नव्हे, बैठकीत.

तास कुठून आणायचे? एमबीबीएसच्या २०१९पासूनच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात डॉक्टरकडून अपेक्षित असलेल्या पाच भूमिकांपैकी एक ‘आरोग्य टीमचा नेता आणि सदस्य’ अशी आहे. वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठीचे ॲटकॉमचे तासही आखून दिलेले आहेत. त्या तासांत हे सत्र बसतं. नर्सिंग, फिजिओच्या शिक्षकांना आपापल्या प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीत ते कुठे दाखवता येईल, हे आधीच विचारून ठेवा. ज्यांची हजेरी लागत नाही ती मुलं दुसऱ्या सत्राला येत नाहीत. निष्कर्ष पुढे छापायचे असतील तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी पहिल्या सत्राच्या आधी घ्यायची. नंतर मिळत नाही.

एक दिवसाच्या कार्यशाळेपेक्षा दोन-दोन तासांची तीन सत्रं, मध्ये साधारण पंधरा दिवसांचं अंतर, हे बरं. पहिलं केसवर, दुसरं बोलण्याच्या सरावाचं, तिसरं वॉर्डात.

केस अशी लिहा की एकट्याला सुटणार नाही

सगळा वेळ इथे घाला. नवखे आयोजक मेडिसिनच्या पुस्तकातली केस उचलतात, निदान विचारतात आणि मग नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ‘यात नर्सिंग केअर काय?’ असं शेवटी विचारतात. ती एमबीबीएसची केस झाली. बाकीचे पाहुणे.

त्याऐवजी माहिती फोडून वाटा. प्रत्येक व्यवसायाला वेगळं कार्ड द्यायचं, पोस्टकार्डाच्या आकाराचं, दोन्ही बाजूंना मिळून दहा ओळींपेक्षा जास्त नाही. कार्ड दुसऱ्याला दाखवायचं नाही, बोलून सांगायचं. खालची केस नमुन्यासाठी घ्या आणि हवे ते बदल करा.

रुग्ण ५८ वर्षांचे, भिवापूर तालुक्यातले शेतकरी, जुना मधुमेह. उजव्या बाजूला लकवा मारून चार दिवस झालेत, बोलणं अडखळतं, राईल्स ट्यूब घातलेली आहे. सर्वांना समान मिळते ती माहिती एवढीच, आणि एक प्रश्न: ‘उद्या सुट्टी द्यायची का? दिली तर काय सांगून, नाही तर का?’

एमबीबीएसच्या कार्डावर निदान, सीटी स्कॅनचा निष्कर्ष, औषधांची यादी (ॲस्पिरिन, ॲटोरव्हास्टॅटिन, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एसआर एकत्र असलेली गोळी), सकाळचा ताप १००.८ आणि उजव्या फुप्फुसाच्या तळाशी थोडे आवाज. आणि युनिटचा शेरा: ‘स्थिर, उद्या डिस्चार्ज.’

नर्सिंगच्या कार्डावर: सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून पाण्यात कालवून ट्यूबमधून दिल्या जातात. काल रात्री दहाला गोळ्या दिल्यावर ट्यूब तुंबली, रात्रीचं फीड गेलं नाही. पहाटे चारला साखर ६४, ग्लुकोज दिल्यावर सुधारली. कंबरेखाली माकडहाडावर लालसर डाग. मुलाने रात्री पाणी पाजलं तेव्हा ठसका लागला होता.

फार्मसीच्या कार्डावर: एसआर गोळी कुटायची नसते, तिच्यातला हळूहळू औषध सोडणारा पदार्थ पाण्यात फुगून चिकट होतो, पूर्ण डोस एकदम सुटतो आणि ट्यूब बुजते. आतड्यात विरघळणारं वेष्टन असलेलं ॲस्पिरिनही कुटू नये. ग्लिमेपिराइडनंतर जेवण चुकलं तर साखर घसरते. प्रत्येक औषधाच्या आधी आणि नंतर ट्यूबमध्ये २० ते ३० मिलिलिटर पाणी सोडावं. दोन औषधं एकत्र कालवू नयेत.

फिजिओच्या कार्डावर: उजवा खांदा सांध्यातून किंचित खाली उतरतोय, कारण नातेवाईक त्याच हाताला धरून उठवतात. व्यायामाची वेळ सकाळी सव्वादहा, आणि त्यासाठी रुग्णाला सपाट झोपवलं जातं. बसल्यावर तोल अजून नाही. फीड दहाला असतं हे फिजिओच्या कार्डावर लिहायचं नाही. ते नर्सिंगकडे ठेवा. फीडनंतर किमान अर्धा-पाऊण तास डोकं तीस-पंचेचाळीस अंश उंच हवं. पंधरा मिनिटांनी सपाट झोपवलं तर फीड उलटं येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. दोन्ही कार्डं शेजारी आली तरच हे कोणाच्या लक्षात येतं.

पाचवं कार्ड रुग्णाच्या मुलाचं. ते गटातल्या कोणालाही द्या किंवा शिक्षकाने भूमिका करा. मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर जातो, घरी आजी एकटी. त्याला एकाने तोंडातून काही देऊ नका सांगितलं, दुसऱ्याने थोडं थोडं चालतं सांगितलं. विचारलं तरच सांगायचं: ‘बाबा पानी पानी करत होते जी, मंग दोन चमचे पाजले.’

आता बघा. ताप एमबीबीएसला माहीत, ठसका नर्सिंगला, चमचा मुलाला. तिन्ही जुळले की छातीत संसर्ग सुरू झाल्याची शंका येते आणि उद्याची सुट्टी रद्द होते. साखर घसरण्याचं कारण फार्मसी आणि नर्सिंग मिळून सापडतं. खांद्याचं फिजिओ सांगेल, पण हात धरून उठवू नये हे मुलाला रोज कोण दाखवणार, हे नर्सिंगशी ठरवावं लागतं. एकही गट हे सगळं वीस मिनिटांत गोळा करत नाही, आणि ते ठीक आहे. चर्चेला तेच लागतं.

तुमची केस तपासायची साधी रीत: एक कार्ड काढून टाका. योजना तशीच राहिली तर तो व्यवसाय तुमच्या केसमध्ये शोभेला आहे. केस पुन्हा लिहा.

दुसरी केस हवी असेल तर विदर्भात सिकलसेल आहेच. दुखण्याच्या झटक्यात आलेली कॉलेजची मुलगी, हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू आहे पण रक्ततपासणी चुकलेली, नर्सिंगकडे वेदनेचे आकडे, आणि फिजिओच्या कार्डावर गुडघ्याला बर्फ लावायची योजना. सिकलसेलमध्ये थंडीने झटका वाढू शकतो, हे एमबीबीएसच्या कार्डावर. इथे दुरुस्ती उलट दिशेने होते. पण तशीच केस पहिली घेऊ नका. ‘डॉक्टरांनी फिजिओची चूक काढली’ एवढंच मुलं घरी नेतात.

पहिलं सत्र, दोन तास

खोलीत खुर्च्या हलवता आल्या पाहिजेत. गॅलरीवाला लेक्चर हॉल नको. स्किल लॅब किंवा ट्यूटोरियल रूम बघा. साहित्य थोडंच: कार्डांचे चार संच, चार्ट पेपर, मार्कर, एक राईल्स ट्यूब, खलबत्ता आणि मुदत संपलेल्या दोन-चार एसआर गोळ्या. गोळी कुटून पाण्यात टाकली की तिचा गिळगिळीत गोळा होतो, तो ट्यूबमध्ये ढकलून बघायला सांगा. दहा मिनिटं समजावून जे होत नाही ते यात होतं.

नावाच्या चिठ्ठीवर नाव मोठं, कोर्स खाली लहान. ॲप्रन बाहेर ठेवायला सांगा. आणि हाक मारण्याचा नियम सुरुवातीलाच: या खोलीत सगळे नावाने. नाहीतर वीस वर्षांची नर्सिंगची मुलगी आपल्याच वयाच्या एमबीबीएसच्या मुलाला ‘सर’ म्हणते, तो तिला ‘सिस्टर’ म्हणतो, आणि नर्सिंगच्या मुलाला काय म्हणावं हे कोणालाच कळत नाही. भाषेचा नियमही सांगा: मराठी, हिंदी, वऱ्हाडी, काहीही चालेल. इंग्रजीत बोलायचं ठरलं की अर्धी नर्सिंगची मुलं गप्प होतात, आणि ज्यांना सर्वांत जास्त माहीत असतं तेच बोलत नाहीत.

पहिली पंचवीस मिनिटं भूमिकांची. प्रत्येकाने कोऱ्या कागदावर लिहायचं: माझा व्यवसाय या रुग्णासाठी करतो अशा तीन गोष्टी, आणि शेजारच्याचा व्यवसाय करतो अशा तीन. मग कागद जुळवायचे. फार्मासिस्टच्या नावासमोर बहुतेकांनी ‘गोळ्या देणे’ आणि फिजिओसमोर ‘मालिश’ लिहिलेलं निघतं. हसू द्या, पण दुरुस्ती त्या त्या विद्यार्थ्यानेच करायची, शिक्षकाने नाही.

इथेच दहा मिनिटांचा चहा आणि शक्य असेल तर तर्री-पोहे, पण गटाच्याच टेबलावर. बाहेर व्हरांड्यात सोडलं की सगळे पुन्हा आपापल्या कॉलेजमध्ये जातात.

मग केससाठी पस्तीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं प्रत्येकाने आपलं कार्ड वाचायचं. पुढची वीस मिनिटं चर्चा. शेवटची दहा मिनिटं चार्ट पेपरवर एक योजना: काय करायचं, कोण करणार, केव्हा, मुलाला कोण सांगणार. ‘कोण’ हा रकाना रिकामा ठेवलेली योजना परत करा. शेवटची चाळीस मिनिटं चर्चेला, आणि दहा लिहायला.

शिक्षकाचं काम

कमी बोलणं. दोन गटांमागे दोन शिक्षक, तेही वेगवेगळ्या व्यवसायाचे, म्हणजे चार गटांना चार जण पुरतात. सत्राच्या आधी तासभर त्यांनी स्वतः कार्डं घेऊन केस खेळून बघावी. ही पायरी सगळे टाळतात, आणि मग सत्रात एखादे प्राध्यापक उठून स्ट्रोकचं वर्गीकरण सांगू लागतात. त्यांना थांबवणं अवघड असतं, म्हणून आधीच ठरवा: केस चालू असताना शिक्षकाने फक्त एकच वाक्य बोलायचं, ‘अजून कोणाचं कार्ड बाकी आहे का?’, तेही एकदाच.

चर्चेत बोलण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी मुलाची भूमिका करणारा, मग फिजिओ आणि फार्मसी, मग नर्सिंग, एमबीबीएस शेवटी. शिक्षकांतही वैद्यकीय शिक्षकाने दुसरं बोलावं. पहिला प्रश्न ‘काय बरोबर होतं?’ असा नको. असा विचारा: ‘तुमच्याकडे कोणती माहिती होती जी दहा मिनिटं बाहेर आली नाही?’ आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा. नर्सिंगची मुलगी म्हणते, साखर ६४ होती पण डॉक्टरांना माहीत असेल असं वाटलं. फार्मसीचा म्हणतो, मी दोनदा सुरुवात केली पण कोणी बघितलं नाही. आता एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना विचारा, ‘तुम्हाला हे केव्हा कळलं?’ खजील करायचं नाही. औषध कुटू नये हे माहीत नसणं हा त्याचा दोष नाही. विचारलं नाही, एवढंच बघायचं आहे.

वाद झाला तर घाबरू नका. एखादी म्हणेल, ‘वॉर्डात आम्ही सांगतो तेव्हा ऐकतच नाहीत.’ ते दाबू नका, पण कुठल्या युनिटचं, कोण निवासी डॉक्टर, अशी नावं खोलीत येऊ देऊ नका. ‘मग पुढच्या वेळी तेच वाक्य कसं म्हणशील?’ हा प्रश्न दुसऱ्या सत्राकडे नेतो.

दुसरं सत्र: फोनवर काय बोलायचं

इथे एसबार वापरतात. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून आली आणि कैसर परमनेंटे या तिथल्याच आरोग्यसंस्थेने ती रुग्णालयात आणली. चार भाग: परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, मला काय हवं. मराठीत सराव करून घ्या, कारण रात्री फोन मराठीत किंवा हिंदीतच होतो.

‘मेडिसिन वॉर्ड, खाट १४. ताप १००.८, श्वास मिनिटाला २८, ऑक्सिजन ९१ झालाय. लकव्याचे रुग्ण, चौथा दिवस, राईल्स ट्यूब आहे. काल रात्री नातेवाइकाने पाणी पाजल्यावर ठसका लागला होता. मला वाटतं श्वासनलिकेत गेलंय. तुम्ही दहा मिनिटांत येऊन बघा. तोवर डोकं उंच करून फीड थांबवते, ऑक्सिजन लावते. आणखी काही?’

एवढं तीस-चाळीस सेकंदांत होतं. घड्याळ लावून घ्या. नर्सिंगचे विद्यार्थी ‘माझा अंदाज’ गाळतात, कारण निदान करणं आपलं काम नाही असं त्यांच्यावर बिंबलेलं असतं. ‘मला वाटतं’ म्हणणं निदान नसतं, हे नर्सिंगच्या शिक्षिकेनेच सांगितलं तर पटतं. एमबीबीएसचे विद्यार्थी ‘मला काय हवं’ गाळतात. वरिष्ठांना सगळी हिस्टरी सांगून गप्प उभे राहतात. भूमिका बदलून सराव घ्या: एमबीबीएसचा विद्यार्थी सिस्टर होऊन फोन करेल, नर्सिंगचा विद्यार्थी झोपेतून उठलेला इंटर्न होईल. सत्रातला हा सर्वांत गमतीचा आणि उपयोगाचा भाग.

याच्याच जोडीला ऐकलेलं परत म्हणणं. फोनवर ‘सात’ आणि ‘साठ’ यांत फरक कळत नाही, इन्सुलिनच्या बाबतीत तो फरक जिवावर बेततो. म्हणून आकडा सुटा करून परत म्हणायचा: ‘सहा-शून्य की नुसते सात?’ लिहितानाही युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा. इंग्रजी यू अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं आणि दहाचे शंभर होतात.

मग हरकत घेण्याच्या तीन पायऱ्या. ‘मला काळजी वाटते.’ तरी ऐकलं नाही तर, ‘हे मला ठीक वाटत नाही.’ तरीही नाही तर, ‘हे रुग्णासाठी सुरक्षित नाही, थांबूया आणि वरिष्ठांना विचारूया.’ हीच रीत अमेरिकेत २००६पासून वापरात असलेल्या टीमस्टेप्स प्रशिक्षणात शिकवतात. आपल्याकडे पहिली पायरी जमते, दुसरीला आवाज खाली जातो. उभं राहून, मोठ्याने, तीन-तीन वेळा म्हणवून घ्या. ऑपरेशन थिएटरकडे जाणारे विद्यार्थी असतील तर जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी इथेच वापरा: भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी असे तीन थांबे. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत तिचा अभ्यास झाला तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. सरावात मुद्दाम एक गोष्ट चुकीची ठेवा, उदाहरणार्थ शस्त्रक्रियेची बाजू, आणि कोण थांबवतं ते बघा.

तिसरं सत्र: वॉर्डात

चार-चार जणांची टोळी, प्रत्येक व्यवसायाचा एक. इन्चार्ज सिस्टरची परवानगी आदल्या दिवशी आणि पुन्हा त्या दिवशी. रुग्णाला आणि नातेवाइकांना विचारा. ‘विद्यार्थी आहोत, उपचार बदलणार नाही’ हे स्पष्ट सांगा. वीस मिनिटं रुग्णाजवळ, पण चौघांनी मिळून एकदाच विचारायचं. तेच प्रश्न चार वेळा विचारले जातात हीच तर वॉर्डातली जुनी तक्रार आहे. गडचिरोली किंवा बालाघाटकडचा रुग्ण असेल तर त्याच्या बोलीत बोलणारा कोण आहे ते आधी शोधा. बऱ्याचदा तो वॉर्डातला कक्षसेवक मामा किंवा मावशी असते, आणि टीममध्ये तेही आहेत हे मुलांना तिथे समजतं.

मग पंधरा मिनिटांत एका पानाची एकत्र योजना, आणि दहा मिनिटं ती इन्चार्ज सिस्टर व निवासी डॉक्टरांसमोर. औषधात काही गंभीर सापडलं तर ते सादरीकरणापर्यंत थांबायचं नाही. लगेच शिक्षकाला सांगायचं.

एक अडचण इथे हटकून येते. मुलं राऊंडमध्ये बघतात की कोणी सिस्टरना काही विचारत नाही, आणि दोन सत्रांत शिकलेलं एका सकाळीत धुऊन जातं. म्हणून ज्या युनिटचे प्रमुख राऊंडला सिस्टरचं म्हणणं ऐकतात तेच युनिट निवडा. ते शोधायला इन्चार्ज सिस्टरना विचारा, प्राध्यापकांना नको.

मोजायचं कसं

‘सत्र आवडलं का’ या फॉर्मवर सगळे पाचपैकी चारच्या वर गुण देतात. त्यातून काही कळत नाही. एकत्र शिकण्याची तयारी मोजणारी रिपल्स नावाची १९ प्रश्नांची प्रश्नावली १९९९पासून सर्वत्र वापरतात. पण मुलं आधीच चांगली उत्तरं देतात, त्यामुळे नंतर वाढायला जागा उरत नाही. तिच्यावर विसंबू नका.

निरीक्षणाचं अर्ध्या पानाचं कोष्टक बरं: दुसऱ्या व्यवसायाच्या व्यक्तीला नावाने प्रश्न विचारला का, आपल्याकडची माहिती न विचारता सांगितली का, ऐकलेलं परत म्हटलं का, असहमती दाखवली का आणि कशी, नातेवाइकाला सामील केलं का, ‘कोण, केव्हा’ ठरवलं का. प्रत्येकाला होय, अर्धवट, नाही. पहिल्या आणि तिसऱ्या सत्राची तुलना करा. गुण द्यायचेच असतील तर गटाच्या योजनेला सगळ्यांना सारखे आणि स्वतःच्या वागण्यावर लिहिलेल्या दहा ओळींना वेगळे. चारही कॉलेजांत गुण धरले जाणार नसतील तर कोणालाच देऊ नका. एमबीबीएसला गुण आणि बाकीच्यांना प्रमाणपत्र, हे चालणार नाही.

सत्र संपलं की चारही कॉलेजांचे शिक्षक त्याच खोलीत अर्धा तास थांबा. कोणतं कार्ड कोणी बोललंच नाही, कोणत्या गटात एकच जण बोलत होता, कोणाची बस चुकली, हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि कार्डं दुरुस्त करा. चांगलं बोलणाऱ्यांपेक्षा चांगलं विचारणारे तीन-चार विद्यार्थी, शक्यतो वेगवेगळ्या कोर्सचे, त्याच बैठकीत हेरून ठेवा. पुढच्या बॅचच्या गटांत त्यांना रुग्णाच्या मुलाची भूमिका द्या, शिक्षकांची चणचण थोडी कमी होईल.